झोन व्हॉल्व्हच्या करड्या आणि नारिंगी वायरचं काय करायचं?

नमस्कार मंडळी,
आमच्या घरच्या बॉयलर-हीटिंगला दोन मोटराइज्ड व्हॉल्व्ह (झोन व्हॉल्व्ह, म्हणजे मोटरने उघडणारे पाण्याचे व्हॉल्व्ह) आहेत, एक रेडिएटरचा आणि एक गरम पाण्याच्या टाकीचा. रेडिएटरवाल्याची मोटर गेलीय म्हणून अख्खं हेडच (व्हॉल्व्हवरचा मोटरचा डबा) नवीन आणलं, तर त्यातून पाच वायरी निघाल्यात. ब्राउन, निळी, हिरवी-पिवळी समजल्या, पण करडी आणि नारिंगी कशाला? मोटरला लाइव्ह-न्यूट्रल मिळालं की झालं ना, या दोन टेप लावून सोडल्या तर चालेल का?

---

ताई, सोडल्यात तर व्हॉल्व्ह मस्त उघडेल आणि बॉयलर ढिम्म हलणार नाही.

त्या दोन वायरींचा मोटरशी काही संबंध नाही, हेडच्या आत एक छोटा मायक्रोस्विच असतो त्याच्या त्या. थर्मोस्टॅटने हीट मागितली की ब्राउनला २३० व्होल्ट येतात, मोटर व्हॉल्व्ह फिरवते, आणि पूर्ण उघडला की शेवटी तो स्विच दाबला जाऊन करडी-नारिंगी जोडल्या जातात. म्हणजे करडीला कायमचा लाइव्ह, आणि नारिंगीतून बॉयलर-पंपाला हुकूम. वाट उघडल्याशिवाय बॉयलर पेटू नये म्हणून हा खटाटोप. दोन्ही व्हॉल्व्हच्या नारिंगी वायरिंग सेंटरमध्ये (सगळ्या वायरी जिथे जोडतात तो डबा) एकाच टर्मिनलला येतात.

आणि एक, थर्मोस्टॅट, टायमर सगळं बंद केलं तरी करडी जिवंतच असते!! तेव्हा ३ अँपिअरचा फ्यूज्ड स्पर (हीटिंगचा फ्यूजवाला मेन स्विच) बंद करा, टेस्टरने खात्री करा आणि मगच झाकण उघडा. जुन्या जोडणीचा फोटो आधी काढून ठेवा, रंगांवर आंधळा भरवसा नको, आधीच्या माणसाने काय करून ठेवलंय देव जाणे.

---

दादांनी सांगितलंय ते बरोबर, पण आधी बॉयलरचं मॅन्युअल बघा. काही बॉयलरना व्होल्ट-फ्री कॉन्टॅक्ट (बाहेरून व्होल्टेज न देता नुसता जोडणारा स्विच) लागतो, तिथे करडीला लाइव्ह न देता दोन्ही वायरी बॉयलरच्याच दोन टर्मिनलला जातात, तिथे २३० घुसवलेत तर बोर्ड उडाला म्हणून समजा. आणि टाकी प्रेशरवाली असेल तर तिच्या व्हॉल्व्हची ब्राउन ओव्हरहीट कटआउटमधून (टाकी फार तापली तर सप्लाय तोडणारा स्विच) आलेली असते, तो कटआउट कधीही बायपास करू नका.

---

आमचं उलटंच आहे, दोन्ही थर्मोस्टॅट बंद तरी बॉयलर चालूच राहतो, मोटरच खराब असेल का?

---

मोटर नाही, बहुतेक स्विच चिकटलाय. आधी दोन्ही व्हॉल्व्हचे लिव्हर हलवून बघा, बंद व्हॉल्व्हचा स्प्रिंगचा जोर हाताला लागतो, उघडाच अडकला असेल तर ढिला लागतो. दोन्ही नीट बंद असतील तर नारिंगीला व्होल्टेज तपासायचं. पण त्या एकत्र जोडलेल्या असल्यामुळे दोन्हीकडे २३० दिसणार, म्हणून सप्लाय बंद करून दोन्ही सुट्या करा, टोकं वेगवेगळ्या कनेक्टरमध्ये झाका आणि मग सप्लाय देऊन एकेक मोजा. ज्या नारिंगीला २३० येतंय त्याच व्हॉल्व्हचं हेड बदलायचं. मीटर हाताळायची सवय नसेल तर इलेक्ट्रिशियनच बोलवा.