लघवीच्या कल्चरमध्ये 'वाढ नाही', मग जळजळ कशाची?

निनावी: लघवीला जळजळ होते, सकाळी थोडा स्रावही दिसतो. लघवीत पस सेल्स (पुवाच्या पेशी) 20–25 आले, पण कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघण्याच्या चाचणीत) वाढ नाही. डॉक्टरांनी आता नॅट (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) आणि व्हीडीआरएल (सिफिलिस या लैंगिक आजाराची रक्तचाचणी) लिहून दिलंय. कल्चर निगेटिव्ह असताना हे कशाला?

लॅबवाली: मी सूक्ष्मजीव विभागात काम करते. डॉक्टरांचं बरोबर आहे. अशी जळजळ गनोरिया किंवा क्लॅमिडिया या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या संसर्गांमुळेही होते, आणि ते साध्या कल्चरमध्ये सापडत नाहीत. नेहमीच्या कल्चरच्या प्लेटवर ई. कोलायसारखे जंतू वाढतात. गनोरियाच्या जंतूला चॉकलेट अगार किंवा थेयर-मार्टिन असं खास पोषक माध्यम आणि जास्तीचा कार्बन डायऑक्साइड लागतो. नमुना वाळला तरी तो मरतो. क्लॅमिडिया तर जिवंत पेशीच्या आतच वाढतो, त्याला कुठलाच अगार चालत नाही. दोन्ही एकदम असू शकतात.

स्राव आहे ना? मग त्याची ग्रॅम स्टेनची स्लाइड (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात ती) करून घ्या. पस सेल्सच्या आत घेवड्याच्या दाण्यांसारखे जोडीजोडीने गुलाबी जंतू दिसले, तर पुरुषांत गनोरियाचं निदान जवळपास पक्कं. क्लॅमिडिया मात्र स्लाइडवर दिसत नाही, म्हणून नॅट हवीच.

आणि कृपा करून हे नीट करा: नॅटसाठी लघवीची पहिली धार द्या, आधी किमान तासभर लघवीला न जाता. कल्चरसाठी मधली धार घ्यायची सवय असते. इथे तसं केलं तर मूत्रमार्गातला जंतू आधीच वाहून जातो. नमुना देण्याआधी घरातलं उरलेलं अँटिबायोटिक घेऊ नका.

निनावी: फोड, जखम काही नाही. तरी व्हीडीआरएल?

लॅबवाली: सिफिलिसचा पहिला व्रण बहुधा दुखत नाही आणि आपोआप भरतो, लक्षातही येत नाही. व्हीडीआरएल गरोदरपणात किंवा मलेरियातही खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून टीपीएचए या सिफिलिसच्या दुसऱ्या, जास्त नेमक्या रक्तचाचणीने खात्री करतात. संसर्ग अगदी ताजा असेल तर व्हीडीआरएल निगेटिव्ह येऊ शकते, काही आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. टीपीएचए बरं झाल्यावरही बहुतेकांत पॉझिटिव्हच राहते. उपचार लागू पडला का, हे व्हीडीआरएलच्या टायटरवरून (नमुना किती पातळ करेपर्यंत चाचणी पॉझिटिव्ह येते, त्या आकड्यावरून) कळतं: 1:32 वरून 1:8 किंवा त्याखाली आलं की ठीक. एचआयव्हीही याच वेळी तपासा.

वाचक_मी: जोडीदाराला काहीच त्रास नसेल तर?

लॅबवाली: तरी तपासणी हवीच. क्लॅमिडिया झालेल्या बहुतेक बायकांना काहीच जाणवत नाही, आणि तेवढ्यात गर्भनलिकांना इजा होऊ शकते. त्यांच्यासाठी योनीमार्गातला स्वॅब लघवीपेक्षा चांगला, तो स्वतःलाही घेता येतो. दोघांचे उपचार पूर्ण होऊन डॉक्टर सांगेपर्यंत संबंध टाळा, नाहीतर तोच जंतू परत येईल.