घरी घडवलेल्या इलेक्ट्रिक गिटारला लाखेचे पॉलिश करावे की फवाऱ्याने रंग द्यावा?

वखारवाला (ठाणे)

गेले चौदा महिने सुटीच्या दिवशी बाल्कनीत बसून मी फेंडर कंपनीच्या टेलिकास्टरच्या घाटाची एक इलेक्ट्रिक गिटार घडवत होतो. बॉडी तुनाच्या लाकडाची आहे, नेक एका जुन्या दाराच्या चौकटीतून निघालेल्या सागवानाचा आहे आणि फ्रेटबोर्ड शिसवीचा. लाकूडकाम, फ्रेट (फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या पट्ट्या) ठोकणे, पिकअपची (तारेची हालचाल टिपणाऱ्या भागाची) जोडणी ही कामे वाटली होती त्यापेक्षा सुरळीत पार पडली. मी अडकलो तो शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे फिनिशिंगवर, आणि त्या अनुभवातून माझे जे ठाम मत झाले आहे ते येथे चर्चेसाठी मांडतो. घरी, विशेषतः सदनिकेत, एखाददुसरी गिटार घडवणाऱ्या हौशी माणसाने फवारणीच्या वाटेला जाऊ नये. त्याने चपडा लाख (पापुद्र्यांच्या रूपातली लाख) स्पिरिटमध्ये विरघळवून हातानेच पॉलिश करावे.

मी स्वतः आधी उलटेच केले होते. जुन्या अमेरिकन गिटारींवर नायट्रोसेल्युलोज लॅकर (लवकर वाळणारे रोगण) असे, म्हणून आपल्याही गिटारवर तेच हवे, या समजुतीने मी त्याचे फवाऱ्याचे डबे आणले आणि ऐन जुलैत काम सुरू केले. पहिला हात मारून दहा मिनिटे होतात तोच काचेवर वाफ धरावी तशी पांढरी झाक सगळ्या पृष्ठभागावर पसरली. लॅकरमधील द्रावक झपाट्याने उडून जाताना पृष्ठभाग गार पडतो आणि पावसाळी हवेतील बाष्प त्यावर जमून थरात अडकते, हे कारण मला नंतर समजले. ती झाक घालवण्यासाठी पाणीपेपरने घासायला बसलो, तर कडेला थर संपून कोरे लाकूड उघडे पडले. त्यावर पुन्हा फवारले, तर ओघळ आला. पंधरा दिवस हे चालले होते आणि घरातल्यांना त्या वासाने डोकेदुखी झाली ती वेगळीच.

ऑक्टोबरमध्ये मी सगळा थर खरवडून काढला, १२० पासून ३२० नंबरपर्यंतचे पॉलिशपेपर क्रमाने फिरवले, मध्ये एकदा ओल्या फडक्याने पुसून उठलेले तंतू पुन्हा घासून बसवले आणि अर्धा लिटर स्पिरिटमध्ये साठ ग्रॅम चपडा भिजत घातला. कापसाचा गोळा मलमलीत बांधून त्याची पुरचुंडी करायची, तिच्यात पॉलिश मुरू द्यायचे, तळाला खोबरेल नव्हे तर जवसाच्या तेलाचे एक बोट लावायचे आणि आठच्या आकड्यासारखी वळणे घेत हात फिरवत राहायचे. पुरचुंडी जरा ओढ घेऊ लागली की थांबायचे. तासाभरात पुढचा हात देता येतो. पाचव्या दिवशी तुनाचा तो फिकट तांबडा रंग कोऱ्या चहासारखा गडद आणि खोल दिसू लागला, आणि एवढ्या सगळ्या काळात घरात स्पिरिटशिवाय दुसरा वास नव्हता.

नायट्रोसेल्युलोजबद्दल जो भक्तिभाव आहे त्याचे मूळही पाहावे. १९२० च्या दशकात ड्यूपॉन्ट कंपनीने ‘ड्यूको’ या नावाने हे लॅकर मोटारींसाठी आणले, कारण ते लवकर वाळत असे आणि कारखान्यात गाड्या खोळंबून राहत नसत. फेंडरने पुढे ड्यूको आणि ल्यूसाइट हे मोटारींचेच रंग गिटारला वापरले; त्यांचा प्रसिद्ध फिएस्टा रेड हा १९५६ च्या फोर्ड थंडरबर्डचा रंग आहे. आपल्याकडील फर्निचरवाले आजही फवाऱ्याच्या रंगाला ‘डुको’ म्हणतात तो शब्द तिथूनच आला. म्हणजे ही निवड कारखान्याच्या सोयीची होती. ज्याला आयुष्यात दोन-तीनच गिटारी करायच्या आहेत, त्याने कारखान्याची सोय का पाहावी?

पाचवी तार (नाशिक)

आपल्या चिकाटीबद्दल आदर बाळगूनही आपल्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. मी आजवर चार गिटारी घडवल्या असून त्यांतील पहिलीला लाखेचेच पॉलिश केले होते. ते दिसायला सुरेख होते, याविषयी वाद नाही. पण गिटार ही भिंतीवर टांगण्याची वस्तू नाही. एप्रिलमध्ये एका मोकळ्या मैदानातील कार्यक्रमात मी ती अडीच तास वाजवली, तेव्हा उजव्या कोपराखालचा भाग घामाने आधी चिकट झाला आणि नंतर मंद पडला. रात्री ती केसमध्ये ठेवली, तर सकाळी पाठीवर अस्तराच्या मखमलीचा ठसा उमटलेला होता. पुढे एकदा हाताला लावलेल्या सॅनिटायझरचे दोन थेंब बॉडीवर पडले आणि मी फडके शोधेपर्यंत तेथे रुपयाएवढे दोन डाग पडून खालचे लाकूड दिसू लागले. लाख स्पिरिटमध्ये विरघळते म्हणूनच तिचे पॉलिश करता येते. तिच्याविरुद्धची माझी तक्रारही नेमकी तीच आहे.

नंतरच्या तिन्ही गिटारी मी मोटारी रंगवणाऱ्या एका गॅरेजमध्ये नेल्या. घासण्याचे, भरणीचे आणि सीलरचे (लाकडाची छिद्रे बंद करणाऱ्या थराचे) काम मी घरी करतो. रंग आणि वरचा दोन घटकांचा पॉलियुरेथेन क्लिअर कोट तेथील कारागीर बंदिस्त खोलीत मारून देतो. आठ वर्षांपूर्वीची गिटार आजही ओल्या फडक्याने पुसली की नवी दिसते. फवारणी सदनिकेत करू नये, हे आपले म्हणणे मला शंभर टक्के मान्य आहे, किंबहुना मी ते अधिक कडक शब्दांत सांगेन: पॉलियुरेथेनच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, साधा मास्क ते अडवत नाही आणि त्यांमुळे कायमचा दमा जडू शकतो. पण यातून निघणारा निष्कर्ष ‘फवारणी नको’ असा नसून ‘फवारणी ज्याच्याकडे सोय आहे त्याच्याकडून करून घ्यावी’ असा आहे. पिकअप आपण घरी गुंडाळत नाही, ट्यूनिंग मशीन घरी ओतत नाही; मग रंगच स्वतःच्या हाताने झाला पाहिजे हा हट्ट कशासाठी?

थेम्सकाठ (लंडन)

आपण दोघांनी लाख आणि फवारणी असे दोनच पर्याय धरले आहेत, म्हणून एक जुने उदाहरण आठवून देतो. क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गिटारवादक ब्रायन मे याने १९६३ मध्ये वडिलांच्या मदतीने लंडनच्या पश्चिमेकडील फेल्टममधील घरी ‘रेड स्पेशल’ गिटार घडवायला घेतली. नेक एका जुन्या शेकोटीच्या महोगनी चौकटीतून कोरला, ट्रेमोलोला (सूर हलवणाऱ्या दांडीच्या यंत्रणेला) मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा लावल्या, फ्रेटबोर्डवरचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातील शिंपल्याच्या बटणांचे केले. क्वीनचा गायक असलेल्या ज्या फ्रेडी मर्क्युरीचे शालेय शिक्षण आपल्या पाचगणीत झाले, त्याच्या गाण्यांमागे पुढे हीच गिटार वाजली. या गिटारवर लाख नव्हती आणि कारखान्याचे लॅकरही नव्हते. रस्टिन्स या ब्रिटिश कंपनीचे हार्डनर मिसळून लावायचे प्लास्टिक कोटिंग, जे येथे कोणालाही दुकानात मिळत असे, त्याचे थरावर थर तिच्यावर चढवलेले होते. ती गिटार जगभरच्या मंचांवर दशकानुदशके वाजली आहे.

माझा मुद्दा एवढाच की हाताने लावता येणारा आणि तरीही घाम-अल्कोहोलला दाद न देणारा थर अस्तित्वात आहे. भारतातही ब्रशने किंवा फडक्याने लावायचे पॉलियुरेथेन सर्वत्र मिळते. ते पातळ करून फडक्याने पुसल्यासारखे सहा-सात हात दिले, तर ब्रशच्या रेघाही उरत नाहीत. वखारवाल्यांनी याचा विचार का केला नाही, हे जाणून घ्यायला आवडेल.

मिरजमळा (मिरज)

आमच्या घरी सतार आणि तानपुऱ्याच्या दुरुस्तीचे काम आहे, त्यामुळे लाखेशी रोजचा संबंध येतो. वखारवाल्यांनी तुनाला लाख लावली हे वाचून आनंद झाला, कारण आमच्याकडे सतारीची दांडी आणि तबली (भोपळ्यावरची फळी) याच लाकडाच्या असतात आणि त्यांना पॉलिशही लाखेचेच असते. तरीही मी त्यांच्या बाजूने सरसकट उभा राहणार नाही. सतारीच्या भोपळ्यावर वादकाचा हात टेकलेला असतो, आणि सर्वांत आधी पॉलिश उडते ते तेथेच. वाद्य दुरुस्तीला आले की आम्ही तेवढ्या भागावर पुन्हा हात फिरवून देतो आणि नवा थर जुन्यात विरघळून एकजीव होतो. सांधा शोधून सापडत नाही. पॉलियुरेथेनचे तसे नाही. त्याचा नवा थर जुन्या थराला धरतो तो केवळ घासून खरखरीत केल्यामुळे, आणि ठिकऱ्या उडाल्या तर तेथे खळगा दिसतोच. म्हणजे लाख लवकर खराब होते, पण दहा मिनिटांत दुरुस्त होते. पॉलियुरेथेन सहसा खराब होत नाही, पण झाले तर सगळे उतरवावे लागते. वाद्याच्या मालकाला यांतले काय परवडते ते त्याने पाहावे.

दोन व्यावहारिक गोष्टी मात्र सांगतो. भिजवलेले पॉलिश सहा महिन्यांपेक्षा जुने वापरू नये. ते वाळल्यासारखे वाटते पण बोटाला चिकटत राहते, आणि नाशिककरांच्या पहिल्या गिटारचे दुखणे कदाचित तेच असेल. दुसरे, नेहमीच्या चपड्यात मेण असते आणि त्या मेणावर पॉलियुरेथेन धरत नाही. मेण काढलेली लाख मागून घेतली, तर ती खाली कोणत्याही लाकडाला आणि वर कोणत्याही रंगाला धरते, सागवानासारख्या तेलकट लाकडालासुद्धा.

वखारवाला (ठाणे)

थेम्सकाठ यांनी थेट विचारले आहे, म्हणून आधी त्यांना उत्तर देतो. फडक्याने लावायच्या पॉलियुरेथेनचा विचार मी केला होता आणि एका फळीवर करूनही पाहिला. प्रत्येक हाताला रात्रभर थांबावे लागते, तेवढ्यात बाल्कनीतील धूळ बसते, दुसऱ्या दिवशी ती घासून काढावी लागते. लाख काही मिनिटांत हाताला लागेनाशी होते, त्यामुळे धुळीला बसायला वेळच मिळत नाही. रस्त्यालगतच्या इमारतीत राहणाऱ्याला हा फरक फार मोठा आहे.

पाचवी तार यांचा सॅनिटायझरचा मुद्दा मी नाकारू शकत नाही. मंचावर नियमित वाजवणाऱ्याने त्यांचे ऐकावे, एवढी दुरुस्ती मी माझ्या विधानात करतो. परंतु रंग दुसऱ्याकडून करून घेण्यात गैर काय, या प्रश्नावर माझे उत्तर वेगळे आहे. पिकअप विकत आणला म्हणून तो माझ्या हाताला रोज लागत नाही. फिनिशिंग लागते. माझे मनगट, कोपर, अंगठा ज्या पृष्ठभागावर टेकतात तो पृष्ठभाग कसा झाला, कोणत्या वळणावर लाकडाने जास्त पॉलिश प्यायले, कोठे कानशीचा एक ओरखडा राहून गेला, हे मला माहीत असावे असे वाटते. तो ओरखडा बॉडीच्या खालच्या शिंगाच्या (नेकजवळच्या टोकाच्या) आतल्या बाजूला आजही आहे. लाखेखाली तो पहिल्यापेक्षा ठळक दिसतो, आणि गॅरेजमधील कारागिराने तो पुटीने भरून टाकला असता.

पाचवी तार (नाशिक)

हे उत्तर मला पटले नाही तरी समजले. मिरजमळा यांची जुन्या पॉलिशची शंका बरोबर असावी. ती बाटली मला दुकानदाराने तयार दिली होती आणि ती कधी भिजवलेली होती हे मी विचारले नव्हते. तरी सॅनिटायझरचे डाग ताज्या लाखेवरही पडतील, म्हणून माझे मत कायम आहे. पुढची गिटार मात्र खाली मेण काढलेली लाख आणि वर क्लिअर कोट अशी करून पाहीन.

आवाजाचा विषय कोणी काढला नाही याचे समाधान वाटते. पातळ लॅकरमुळे लाकूड ‘श्वास घेते’ आणि आवाज खुलतो, असे अनेक जण सांगतात. पण भरीव बॉडीच्या गिटारमध्ये पिकअप पोलादी तारेची हालचाल टिपतो, आणि पिकअप तारेच्या दोन मिलिमीटर जवळ नेल्याने जो फरक पडतो त्याच्यापुढे वरच्या थराचा फरक माझ्या कानांना तरी कधी ऐकू आलेला नाही. माझ्या लेखी हा वाद टिकाऊपणाचा आणि स्पर्शाचाच आहे.

थेम्सकाठ (लंडन)

आवाजाबाबत पूर्ण सहमती. धुळीचे कारणही मान्य. माझ्याकडे स्वतंत्र खोली आहे, म्हणून ते माझ्या लक्षात आले नाही. जवसाच्या तेलाविषयी एक सूचना द्यावीशी वाटते, कारण नवीन वाचक हे धडे गिरवतील. पुरचुंडीला लावलेल्या थेंबभर तेलाची चिंता नाही, पण तेल पुसलेली फडकी चुरगळून कचऱ्याच्या पिशवीत टाकू नयेत. हे तेल वाळताना उष्णता बाहेर टाकते, ती घड्यांमध्ये कोंडते आणि फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती उलगडून मोकळ्या हवेत पसरावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

वखारवाला (ठाणे)

ही सूचना मी मूळ मांडणीतच द्यायला हवी होती, आपले आभार. काल मी कोपराखालच्या भागावर अजून चार हात दिले. मिरजमळा यांना एक विचारायचे आहे: सागवानी नेकच्या पाठीवरही लाखच ठेवली आहे, पण तासभर वाजवल्यावर अंगठा अडखळतो. तेथे लाख उतरवून नुसते तेल द्यावे का?

मिरजमळा (मिरज)

उतरवू नका. पॉलिश पूर्ण कडक व्हायला महिनाभर जाऊ द्या, मग अगदी बारीक स्टीलवुलने लांबीच्या दिशेने हलकेच घासून चकाकी मोडा आणि थोडे मेण लावून पुसून घ्या. अंगठा अडखळतो तो चकाकीमुळे. आणि बॉडीत नेक बसतो त्या खाचेत पॉलिश गेले असेल तर ते आधी खरवडून काढा, नाहीतर नेक स्क्रूने आवळताना कडेचा थर तडकेल.

वखारवाला (ठाणे)

खाचेला मी चिकटपट्टी लावून ठेवली होती, तिथले लाकूड कोरेच आहे. स्टीलवुल आणून ठेवतो आणि महिनाभर थांबतो.