११ बाय १०ची खोली आणि बोरघाट: कुठून सुरुवात करू?

कर्जतकरीण

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचक होते, आज पहिल्यांदा लिहितेय. विषय मॉडेल रेल्वेचा, जरा लांबण लागणार आहे.

गेल्या महिन्यात आम्ही डोंबिवलीच्या वन रूम किचनमधून बदलापूरला टू बीएचकेत आलो. दुसरी बेडरूम ११ बाय १० फूट. लेक बंगळूरला असते, त्यामुळे खोली एरवी रिकामीच. नवऱ्याने "घे, तुझी" म्हणून टाकलंय, पण दोन अटींवर: लेकीचा पलंग जागचा हलणार नाही आणि इस्त्रीचं टेबल उघडायला जागा राहील. दोन्ही मान्य.

माझ्याकडचा माल असा: एचओ मापाची (खऱ्याच्या १:८७) दोन मॉडेल इंजिनं, नऊ डबे, ४३८ मि.मी. त्रिज्येच्या वळणांचा रुळांचा एक लंबगोल आणि एक कंट्रोलर. वीस-बावीस वर्षांत हळूहळू जमवलंय. डोंबिवलीत हे सगळं पलंगाखालच्या खोक्यांत असायचं. रविवारी पहाटे फरशीवर रूळ मांडायचे, मोरीच्या दारापासून सोफ्यापर्यंत, आणि साडेसातला भांडीवाल्या ताई यायच्या आत गुंडाळायचे. आता पहिल्यांदाच कायमचं काही बांधता येईल, म्हणून हात शिवशिवतायत.

मी मूळची कर्जतची. बाबांचं स्टेशनबाहेर सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. त्यामुळे करायचा तर बोरघाटच, कर्जत ते लोणावळा. पण हिशोब मांडला आणि हसूच आलं. कर्जत मुंबईपासून १०० किलोमीटर, लोणावळा १२८. मधले २८ किलोमीटर १:८७ने भागले की ३२२ मीटर होतात. उंचीतला फरक साधारण साडेपाचशे मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये सहा मीटरच्या वर. आम्ही २०३मध्ये राहतो. कर्जत माझ्या बेडरूममध्ये आलं तर लोणावळा ४०३वाल्यांच्या स्वयंपाकघरात निघतंय.

तरीही वहीत एक नकाशा काढलाय. खोलीभर तीन वेटोळी, एकावर एक, सात बोगदे, मधे ठाकुरवाडी, वर मंकी हिल. प्रश्न तीन:

१. एचओच ठेवू की एन (१:१६०) घेऊ?
२. खऱ्या घाटात ३७ला १ चढ आहे, तो मॉडेलला झेपतो का?
३. बदलापूरच्या पावसाळ्यात प्लायवुड टिकतं का? सुतार ऑगस्टचा वायदा देतोय.

सोळा_डबे

एन घ्या. डोळे मिटून घ्या.

चेन्नईच्या आयसीएफ कारखान्याचा डबा बफरपासून बफरपर्यंत २२.३ मीटर. एचओत तो २५.६ सें.मी. होतो, एनमध्ये १४ सें.मी.सुद्धा नाही. तुमची लांब भिंत ११ फूट म्हणजे ३३५ सें.मी. सोळा डब्यांची डेक्कन क्वीन एचओत चार मीटरच्या वर जाते, भिंतीवर मावतच नाही. एनमध्ये सोळा डबे, पुढे एक इंजिन, मागे तीन बँकर (घाटात मागून ढकलणारी इंजिनं), सगळं मिळून पावणेतीन मीटर. भिंतीवर अख्खी गाडी उभी राहते आणि वर अर्धा मीटर उरतो! सहा डब्यांच्या गाडीला डेक्कन क्वीन म्हणायला माझी तरी जीभ वळत नाही.

भारतीय गाड्या एनमध्ये तयार मिळणं कठीण, हे मान्य. पुठ्ठा किंवा थ्रीडी प्रिंट, आणि बॉडी स्वतः रंगवायची. पण त्यातच खरी मजा आहे.

रुंदमापी

एक मूलभूत मुद्दा. आपली ब्रॉडगेज १६७६ मि.मी. ती १:८७ने १९.३ मि.मी. होते. बाजारातला एचओचा रूळ १६.५चा, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १४३५ मि.मी.साठी बनलेला आहे. म्हणजे तुमचा बोरघाट ब्रॉडगेज असणारच नाही. करायचं तर रूळ हाताने टाका.

चिपळूणचा पाऊस

रुंदमापीसाहेब, ताईंना या जन्मात गाडी पळवायची आहे हो.

ताई, मी फक्त तिसऱ्या प्रश्नावर बोलतो, कारण त्यात हात पोळलेत. माझा पहिला लेआउट पार्टिकल बोर्डवर होता. स्वस्त पडला. मे महिन्यात पाहुण्यांना गाडी फिरवून दाखवली, जुलैत बोर्डाच्या कडा फुगून पोह्यासारख्या सुटायला लागल्या. सांधे (गाडी रूळ बदलते ती जागा) अडकले. सुईसारखी पाती असतात ना सांध्याची, ती एका बाजूला चिकटायची आणि दुसऱ्या बाजूला कागदाएवढी फट राहायची. प्रत्येक डबा तिथे उतरणार म्हणजे उतरणार. मी आठवडाभर चाकं तपासत बसलो होतो आणि दोष लाकडाचा!

तेव्हा बीडब्ल्यूपी (पाण्यात टिकणारा) प्लाय घ्या, १२ मि.मी. दुकानदार एमआर प्लाय गळ्यात मारेल, पण तो दमट हवेपुरता असतो, पाण्याचा नाही. कापल्यावर सगळ्या कडांना आणि खालच्या बाजूलाही रंगाचे दोन हात. लोक वरची बाजू रंगवतात आणि खालून लाकूड दमट हवा पीत राहतं. सांगाड्याला लाकूड नकोच, दुकानात रॅकला वापरतात ते भोकांचे लोखंडी अँगल आणा. नटबोल्ट सैल करून उंची बदलता येते, वाळवी लागत नाही आणि पुढेमागे घर बदललं तर मोडून नेता येतं.

रूळ एकसंध डाखू नका. दर जोडाला कार्डाच्या जाडीएवढी फट, आणि प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र वायर. जोडपट्टीवर विजेचा भरवसा ठेवू नका, पहिल्याच पावसाळ्यात ती काळी पडते.

आणि सुताराला ऑगस्टमध्ये बोलावू नका. दिवाळीनंतर बोलवा. भर पावसात फुगलेलं लाकूड बसवलंत तर मार्चमध्ये आकसेल आणि रूळ पोट काढतील.

निवृत्त लोको

नमस्कार ताई. मी घाटात नोकरी केली. सुरुवातीला बँकरवर होतो, डब्ल्यूसीजी-२ जातीच्या इंजिनावर.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. ३७ला १ म्हणजे मीटरला २.७ सें.मी. मॉडेल इंजिन सरळ रुळावर तेवढं चढेल. पण तुमचं वेटोळं सतत वळणात आहे आणि वळण चाकाला धरून ठेवतं. एका रुळावरून दुसरा न्यायला सात सें.मी. उंची धरा, त्याला ३७च्या चढाने अडीच मीटरपेक्षा जास्त लांबी लागते, वर चढ सुरू होताना आणि संपताना सावकाश वाकवायचा तो वेगळा. अशी तीन वेटोळी काढलीत तर खोलीत प्लायशिवाय काही दिसणार नाही. आणि सात बोगदे म्हणजे गाडी निम्मा वेळ आत. बघणार काय?

आता खरं सांगतो. बँकर मागेच का लावतात? सगळी ताकद पुढून लावली तर पहिल्या डब्यांच्या कपलिंगवर (डबे जोडणाऱ्या आकड्यावर) सगळा ताण येतो. आणि कपलिंग तुटलंच तर सुटलेले डबे मागे घरंगळू नयेत, म्हणून मागे कोणीतरी हवं. मॉडेलमध्ये हलक्या डब्यांना वळणावर मागून ढकललंत की मधला डबा बाहेर पडतो. नातवाच्या लेआउटवर हे रोज होतं. तो म्हणतो, आजोबा, तुमच्या वेळी पण पडायचे का?

त्यापेक्षा एक विचारतो, रागावू नका. तुम्ही कर्जतच्या. लहानपणी तुम्ही घाट किती पाहिलात आणि कर्जत स्टेशन किती? मला तरी तुमच्या वहीत कर्जत म्हणजे एका कोपऱ्यातला फलाट वाटतोय. करण्यासारखं सगळं तिथेच आहे. गाडी येते, थांबते, बँकर सायडिंगमधून निघतो, सावकाश मागे येतो, लागतो, गाडी सुटते. कर्जत सपाट आहे. चढ लागत नाही, वेटोळं लागत नाही. घाट बोगद्याच्या तोंडापलीकडे आहे असं समजायचं.

(जाता जाता: घाट चढणारी गाडी आमच्या कागदावर 'डाउन'. मुंबईपासून लांब जाते म्हणून. पाटी लिहाल तेव्हा उलटं करू नका, कोणीतरी जुना माणूस येऊन चूक काढेलच.)

कर्जतकरीण

काका, तुमचं वाचून दोन दिवस काही लिहिलंच नाही.

खरंय. घाट आम्ही वर्षातून एकदा पाहायचो, आत्याकडे पुण्याला जाताना. कर्जत रोज. दुकानातून फलाटाचं टोक दिसायचं. बँकर लागताना आधी त्याचा आवाज यायचा, मग गाडीभर एक हलका धक्का मागून पुढे जायचा. खिडकीत बसलेल्या माणसाच्या हातातला चहा बशीत सांडायचा आणि वडेवाल्यांची पोरं हसायची, कारण तो धक्का कधी येणार हे फक्त त्यांना ठाऊक असायचं. मला तोच धक्का हवा होता. वहीत मात्र सात बोगदे काढत बसले.

तर नवीन बेत. लांब भिंत, ४५ सें.मी. रुंदीची फळी, त्यावर कर्जत. डाव्या कोपऱ्यात ६५ सें.मी. त्रिज्येचं वळण (जुनं ४३८चं खोक्यातच राहील, २५ सें.मी.चा डबा त्यावर फार बाहेर लोंबतो). मग खिडकीखाली एक कडा, एक झरा, एक बोगद्याचं तोंड. घाट एवढाच. बोगद्यापलीकडे खिडकीला लागून सहा फुटी भिंतीतलं कपाट आहे. लोणावळा कपाटात!

कपाट आतून १७७ सें.मी. चार डबे १०२.४, इंजिन २३.४, दोन बँकर ४६.८, एकूण १७२.६. साडेचार सें.मी. वाचतात. मधल्या पार्टिशनला १० बाय १० सें.मी.चं भोक पाडावं लागेल. मुंबईकडची बाजू खोलीत मावत नाही, म्हणून दार उघडं ठेवून हॉलमध्ये चार फुटांची उचलफळी टाकायची, गाडी तिथून येईल. दार सुदैवाने पलंगाच्या बाजूला उघडतं.

सोळा_डबे, मोह झाला होता, खोटं कशाला बोलू. पण चष्म्याचा नंबर दोन वर्षांत दोनदा वाढलाय. एनमधलं कपलिंग मला दिसणार नाही, आणि माझा सगळा खेळ तर कपलिंगचाच. रुंदमापी, २.८ मि.मी.साठी माफी असावी. चिपळूणकर, सुताराला दिवाळीनंतरचं सांगितलं, तो खूशच झाला.

काका, एक विचारायचंय. दोन बँकर दोन मोटरवर चालवले तर त्यांचा वेग एकसारखा राहात नाही, एकमेकांना ओढतात.

निवृत्त लोको

एकाची मोटर काढून टाका. रिकामा बँकर नुसता फिरू दे, कोणाला कळत नाही. डब्यांना वजन भरा, तुमच्या मापाचा डबा १७० ग्रॅमच्या आसपास हवा, ते वजन तळाशी, वर नाही. मग ढकलून बघा.

धक्का हवा असेल तर शेवटचे दोन इंच वेग कमी करू नका. आम्हाला त्यासाठी ओरडा बसायचा.

कर्जतकरीण

आज रविवार. कपाटात खोकी रचून, त्यांवर पुठ्ठा टाकून चार डबे उभे केले. जुन्याच दोन इंजिनांतलं एक मागून आणलं, शेवटचे दोन इंच तसंच सोडलं. चौथ्या डब्यावर बाटलीचं झाकण ठेवलं होतं, पाणी भरून. सांडलं.

नवरा विचारतोय स्वेटर कुठे ठेवायचे. पलंगाखालची खोकी आता रिकामी आहेत म्हटलं.