मोबाईलवरचा भोंगा बंद करायला सांगणाऱ्यांनो, आधी हे वाचा

लालबागकर :
काल बिल्डिंगच्या ग्रुपवर एक पोस्ट आली. "सरकारी इमर्जन्सी अलर्टची कटकट कायमची बंद करा, सेटिंगमध्ये जाऊन सगळी बटणं ऑफ करा, अमेरिकेतल्या हवाई बेटांवर खोट्या अलर्टने काय गोंधळ झाला ते आठवा, दहा जणांना पाठवा." खाली पटापट अंगठे. आमच्या तळमजल्यावरच्या आजोबांनी तर नातवाला बोलावून लगेच बंद करून घेतलं, आणि दर पावसाळ्यात पाणी पहिलं शिरतं ते त्यांच्याच घरात. तेव्हापासून डोकं तापलंय म्हणून इथे लिहितोय: कुणीच ते बंद करू नका.

हवाईचं नाव घेताय तर अख्खी गोष्ट सांगा. 13 जानेवारी 2018, सकाळी 8:07, सगळ्यांच्या फोनवर मेसेज की मिसाईल येतंय, आसरा शोधा, ही ड्रिल नाही. लोकांनी पोरं गटाराच्या झाकणाखाली उतरवली हो! मेसेज खोटा होता. अलर्ट पाठवणाऱ्या सरकारी ऑफिसात पाळी बदलताना ड्रिल घेतली, एका माणसाला ती खरीच वाटली, आणि त्या एकट्याच्या क्लिकवर सगळं सुटलं, दुसऱ्या कुणाला विचारायची गरजच नव्हती. पण मला सगळ्यात जास्त राग येतो तो पुढच्या भागाचा. फोनवर दुरुस्ती यायला 38 मिनिटं लागली, कारण "चूक झाली, धोका नाही" असा मेसेज कुणी तयार करून ठेवलाच नव्हता. तीनच दिवसांनी जपानमध्ये एनएचके या तिथल्या सार्वजनिक वाहिनीनेही असाच खोटा अलर्ट सोडला आणि पाच मिनिटांत मागे घेतला. भांडायचं असेल तर त्या 38 मिनिटांवर भांडा ना.

कुर्लेकर :
दादा, तुम्ही घरात बसून लिहिताय. 20 जुलै 2023 ला सकाळी फोनवर सरकारच्या याच इमर्जन्सी अलर्टचा टेस्ट मेसेज आला तेव्हा मी सायन आणि कुर्ल्याच्या मध्ये थांबलेल्या लोकलमध्ये होतो. आदल्या दिवसापासून पाऊस, गाडी खोळंबलेली, डबा गच्च. आधी एक फोन किंचाळला, मग चार-पाच, मग अख्खा डबा. सायलेंटवर होते तेसुद्धा. माझ्या बाजूची बाई ओरडली "काय झालं काय झालं" आणि पर्स छातीशी धरून दाराकडे घुसली, मी तिचा दंड धरला नसता तर ती शेजारच्या रुळावर उतरली असती. मेसेजमध्ये लिहिलेलं की ही टेस्ट आहे, दुर्लक्ष करा. वाचतंय कोण तेव्हा?

एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावरची चेंगराचेंगरी विसरलात? 29 सप्टेंबर 2017, 23 माणसं गेली. फूल पडलं म्हणाले त्याचं पूल पडला ऐकू आलं, असं त्यातून वाचलेल्या एकीने सांगितलं होतं. आणि जानेवारी 2025 मध्ये पुष्पक एक्सप्रेस, पाचोऱ्याजवळ, आग लागली म्हणून अफवा, लोक दुसऱ्या रुळावर उतरले आणि समोरून कर्नाटक एक्सप्रेस आली. बारा-तेरा माणसं. आग नव्हतीच. खोट्या धोक्याने माणूस मरतो, आणि आपल्याकडे तो गर्दीत मरतो.

लालबागकर :
त्याच 20 जुलैच्या सकाळी टीव्हीवर काय चालू होतं ते पण आठवा. इर्शाळवाडी. आदल्या रात्री डोंगर खाली आला होता, 27 मृतदेह मिळाले आणि 57 माणसं शेवटपर्यंत सापडलीच नाहीत. ती वाडी दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीतसुद्धा नव्हती. मी नाक्यावर चहा पीत होतो, फोनवर टेस्ट वाजतेय आणि समोर टीव्हीवर चिखलात माणसं शोधतायत, ते चित्र डोळ्यासमोरून जात नाही. त्या लोकांना रात्री कुणी एक भोंगा दिला असता तर?

कुर्लेकर :
यादीतच नव्हती म्हणता, मग भोंगा कोण आणि कशाच्या आधारावर देणार होता? माझ्या मुद्द्याला उत्तर द्या, इर्शाळवाडी मध्ये आणून मला गप्प करू नका.

दोन मुलांची आई :
तुमचं मिसाईल वगैरे राहू दे, माझं ऐका. पावसाचा रेड अलर्ट. रात्री उशिरा मेसेज, उद्या शाळा बंद. माझी नोकरी रोजंदारीसारखी आहे, गेले नाही तर पैसे कट. मुलांना ठेवायला कुणी नाही. मी घरी, आणि बाहेर कडकडीत ऊन, मुलं खाली क्रिकेट खेळतायत. एकदा नाही, गेल्या काही वर्षांत कितीतरी वेळा. आणि ज्या दिवशी काहीच अलर्ट नसतो त्या दिवशी दुपारी दोनला शाळेतून फोन की पाणी भरतंय, येऊन घेऊन जा. मग मी ठरवलं, आता कुठलाच अलर्ट मनावर घ्यायचा नाही.

हवामानवेडा :
ताई, अंदाज आणि धोक्याचा भोंगा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तुम्ही गल्लत करताय. रेड म्हणजे कुठेतरी 24 तासांत 204 मिमीच्या वर पडण्याची शक्यता, तुमच्या गेटवर पडणार असं कुणी लिहून दिलेलं नसतं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी आणि कुलाब्याला शंभरसुद्धा नाही. कुलाब्यातला माणूस त्या दिवशी म्हणाला असता की खोटा अलर्ट होता.

दोन मुलांची आई :
26 जुलै मला शिकवू नका. मी तेव्हा नववीत होते. बाबा साकीनाक्याहून भांडुपला रात्रभर चालत आले, छातीपर्यंत पाण्यात, दोरी धरून. पहाटे दारात उभे होते, पायात एकच चप्पल, हातात डब्याची पिशवी डोक्याच्या वर धरलेली तशीच, खाली घ्यायलाच विसरलेले. आई रात्रभर फोन लावत होती, लागतच नव्हता. दुपारी कुणीतरी सांगायला हवं होतं की ऑफिसातून निघू नका. एवढंच वाक्य. कुणी सांगितलं नाही.

हवामानवेडा :
मग तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय. हा फोनवरचा नवीन भोंगा टॉवरवरून जातो, नंबर लागत नाही, इंटरनेट लागत नाही, लाईन जाम असली तरी पोचतो, आणि फक्त साकीनाक्याच्या टॉवरखाली पाठवता येतो, कुलाब्याला झोपू देता येतं. तुमचा राग अख्ख्या मुंबईला एकच रंग लावण्यावर आहे, आणि तो बरोबर आहे.

दोन मुलांची आई :
टॉवरच बंद पडला तर? तेव्हा पडलेच होते. आणि "माझ्याच बाजूने" वगैरे नको. त्या एका वाक्यापुरतं मान्य, बाकी शाळेच्या सुट्ट्यांचं म्हणणं तिथेच आहे.

काळाचौकी :
मी 1971 च्या युद्धावेळी दहा वर्षांचा होतो. खिडक्यांच्या काचांना काळा कागद, बाहेर वॉर्डन ओरडायचा "लाईट बंद करा". भोंगे दोन प्रकारचे, चढता-उतरता वाजला की धोका, एकसारखा लांब वाजला की संकट टळलं. तो दुसरा वाजला की आई कंदिलाची वात वर करायची, तोपर्यंत कुणी हलायचं नाही. गिरणीचा भोंगा तर रोजचाच, त्याने कुणी घाबरलं नाही कारण कशाचा ते पोराटोरांना माहीत होतं. आता फोनवर धोक्याचा आवाज आहे, टळल्याचा आवाज कुठाय? मे 2025 मध्ये पाकिस्तानशी संघर्ष चालू असताना न्यूज चॅनलवाले दिवसभर बातम्यांच्या मागे सायरन लावत होते, माझी बायको दोनदा गॅस बंद करून जिन्यात गेली. शेवटी सरकारला सांगावं लागलं की सायरनचा आवाज असा वापरू नका. त्यांना कुणी जाब विचारत नाही, आणि तुम्ही फोनवर भांडताय.

लालबागकर :
काका, हेच. मी 38 मिनिटं म्हणत होतो ते हेच, तुम्ही नीट सांगितलंत.

अनामिका :
मी बटण बंद केलंय आणि बंदच ठेवणार. माझ्याकडे दुसरा फोन होता, तांदळाच्या डब्यात, सायलेंटवर, घरात कुणाला माहीत नव्हता. माहेरी बोलायला तेवढाच एक. त्या टेस्टच्या दिवशी तो डब्यात वाजला. नवरा घरी होता. पुढचं लिहीत नाही. आता मी माहेरी आहे, ठीक आहे. पण "कुणीच बंद करू नका" असं लिहिताना माझ्यासारख्या बायका धरा.

लालबागकर :
ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. "कुणीच" हा शब्द मागे घेतो. टेस्ट असेल तर तारीख आणि वेळ आठवडाभर आधी सगळीकडे सांगायलाच हवी, म्हणजे असा फोन बंद करून ठेवता येईल.

कुर्लेकर :
मी ट्रेनचं सांगितलं तेव्हा नाही पटलं. असो. माझीही अट लिहून ठेवा. तो टेस्ट मेसेज "सिव्हियर" अशा मथळ्याखाली आला होता. टेस्ट खऱ्या धोक्याच्याच मथळ्याखाली पाठवाल तर सेटिंगमध्ये टेस्टचं बटण वेगळं असून उपयोग काय? ते सुधारलं तर खऱ्याचं चालू ठेवेन. आई एकटी असते कुर्ल्याला, मिठी नदीच्या बाजूला, तिच्या फोनवर आज संध्याकाळी चालू करून देतो. तुमचं पटलं म्हणून नाही.

दोन मुलांची आई :
ते बटण नक्की कुठे असतं? माझ्या फोनमध्ये सेफ्टीमध्ये जाऊन पाहिलं, दिसत नाहीये. बाबांच्या फोनवर पण बघायचंय.