'नेचर-बेस्ड सोल्यूशन्स': निसर्गाधारित, नैसर्गिक की आणखी काही?

पानगळ:
एका विद्यापीठाच्या संशोधन प्रकल्पाची माहितीपुस्तिका मराठीत करते आहे. शहरं हिरवी कशी करायची आणि बदलत्या हवामानात ती निभावून कशी नेतील, असा विषय. पुस्तिका संशोधकांसाठी नाही. ज्यांच्या गल्लीत हे प्रयोग होणार त्या रहिवाशांसाठी आहे, म्हणजे शब्द पहिल्या वाचनात कळायला हवेत. 'नेचर-बेस्ड सोल्यूशन्स'ला, म्हणजे पुरासारख्या अडचणींवर झाडं, ओढे, पाणथळी यांच्या मदतीने केलेल्या उपायांना, मी 'निसर्गाधारित उपाय' लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी ते सगळीकडे खोडून 'नैसर्गिक उपाय' केलं. त्यांचं म्हणणं, 'निसर्गाधारित' असं कुणी बोलत नाही. नसेल बोलत, पण 'नैसर्गिक उपाय' वाचलं की केसगळतीवरचा लेख सुरू होणार असं वाटतं. शिवाय यातलं पुष्कळसं नैसर्गिक नसतंच. सोलमधला चॉन्गग्येचॉन ओढा घ्या. वरचा उन्नत रस्ता पाडून २००५ मध्ये तो मोकळा केला, जवळपास ६ किलोमीटर. पण त्यात वाहतं ते बरंचसं पाणी हान नदीतून पंपाने आणलेलं आहे. त्याला नैसर्गिक कसं म्हणू?
दुसरा अडसर 'क्लायमेट-रेझिलिएंट', म्हणजे बदलत्या हवामानाचे धक्के पचवून टिकणारं. हा शब्द तर पानोपानी आहे. सुचवा.

टाकबोरू:
'निसर्गाधारित' हा निर्दोष समास आहे, तो सोडू नका. 'कोणी बोलत नाही' हा आक्षेप प्रत्येक नव्या शब्दावर घेतला गेला. 'दिनांक', 'क्रमांक', 'महापौर' हे सावरकरांनी घडवलेले शब्द आज कोणाला बोजड वाटतात? माझी पसंती मात्र 'निसर्गाधिष्ठित' ला. आधार काढून घेता येतो, अधिष्ठान काढता येत नाही. 'रेझिलिएंट'साठी 'स्थितिस्थापक' तयारच आहे, शाळेत सगळ्यांनी शिकलेला.

भूजल:
'स्थितिस्थापक' नको हो. शाळेत शिकलो तो रबराचा आणि स्प्रिंगचा गुण: ताण काढला की मूळ आकार परत. परिसंस्थांच्या अभ्यासात हॉलिंग यांनी १९७३ मध्ये 'रेझिलियन्स' मांडला तो नेमका याच्याहून वेगळं सांगण्यासाठी. व्यवस्था किती लवकर पूर्वपदाला येते हे त्यांना मोजायचं नव्हतं. किती धक्का आणि किती बदल पचवून ती आपली घडी टिकवते, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे त्यांनीच अभियांत्रिकी अर्थ आणि परिसंस्थेचा अर्थ असे दोन वेगळे काढले. शहराच्या बाबतीत दुसराच हवा. पूर ओसरल्यावर शहर जसंच्या तसं परत उभं केलं तर पुढच्या पुरात तेच पुन्हा बुडणार.

अनुस्वार:
मग 'लवचीक' काय वाईट आहे? (लवचिक नव्हे, लवचीक, अकारान्त शब्द आहे, चि दीर्घ.) लवणे म्हणजे वाकणे, संस्कृत 'नम्'पासून आलेलं. महापुरात झाडं वाहून जातात आणि लव्हाळी राहतात हे मराठी माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मला तर वाटतं 'लव्हाळा' हा शब्दही त्याच 'लवणे'मधून आला. लवतो तो लव्हाळा.

टाकबोरू:
नादसाम्य म्हणजे व्युत्पत्ती नव्हे. त्या 'ह'चा हिशोब आधी द्या, मग बोलू.

भूजल:
लव्हाळ्याची उपमा सुंदर आहे, पण तिच्यातही पाणी ओसरलं की लव्हाळं होतं तसं उभं राहतं. कोपनहेगनचं उदाहरण बघा. २ जुलै २०११ ला तीन तासांच्या आत सुमारे १५० मिलिमीटर पाऊस पडला, तळघरं आणि रस्ते भरले. पुढच्या वर्षी त्यांनी आराखडा केला: सुमारे ३०० कामं, २० वर्षांत. काही रस्ते खोलगट करून पावसाच्या वेळी कालवे व्हावेत, बागा मुद्दाम खाली घेऊन तात्पुरती तळी व्हावीत. शहर वाकून परत सरळ झालं असं यात काही नाही. शहराने अंगच बदललं.

मोगरी:
'तग' कसा वाटतो? 'हवामानबदलात तग धरणारी शहरं.' मोल्सवर्थच्या कोशातही आहे हा शब्द. माझी आजी आजारातून उठलेल्या माणसाबद्दल नेहमी म्हणायची, 'तगला बाई!' त्या एका शब्दात सगळं यायचं.

पानगळ:
मोगरीताई, 'तग' मला आवडतो, पण त्यात जेमतेम निभावल्याची छटा नाही का? 'तगला' म्हणजे मेला नाही, एवढंच. प्रकल्पवाले म्हणतात शहर आधीपेक्षा बरं व्हावं. रहिवाशाला 'तुमची गल्ली तगेल' असं सांगितलं तर तो घाबरेल.

मोगरी:
आजी तशी म्हणत नव्हती. तिच्या बोलण्यात कौतुक असायचं.

बाभूळ:
मी अशाच एका संशोधनगटात आहे म्हणून लिहितो. 'चिवट' शब्दाचा विचार करा. लोक म्हणतील वाईट अर्थाचा आहे: चिवट डाग, चिवट खोकला. मला तोच त्याचा मोठा गुण वाटतो. उथळ तळं खतांच्या पाण्याने एकदा गढूळ आणि शेवाळी झालं की नंतर खतं थांबवूनही वर्षानुवर्षं गढूळच राहतं. शास्त्राच्या भाषेत ती गढूळ अवस्थासुद्धा 'रेझिलिएंट' आहे. म्हणजे तो गुण चांगलाही नाही आणि वाईटही नाही. कशाचा चिवटपणा, हे विचारावं लागतं. मोटारींसाठी आखलेलं शहर किती चिवट असतं ते झाडांसाठी रस्त्याची एक मार्गिका मागून पाहा. 'लवचीक', 'सक्षम', 'समर्थ' हे शब्द नुसती शाबासकी देतात. 'चिवट' प्रश्न विचारायला लावतो.

टाकबोरू:
विचार पटतो. परंतु 'हवामान-चिवट शहर' हे मराठी नाही. नामाला असे विशेषण चिकटवण्याची ही पद्धत आपली नव्हे. 'हवामान-अनुकूल'चेही तेच. शेतीच्या योजनांत सर्रास छापतात, पण वाचणाऱ्याला वाटते हवामानाला सोयीचे असे काही. खरे तर म्हणायचे असते उलट, प्रतिकूल हवामानातही टिकणारे.

कंदील:
आणि 'हवामान' तरी कुठे बरोबर आहे? हवामान रोज बदलतं. बदलतंय ते दीर्घकाळचं सरासरी चित्र, त्याला 'जलवायू' म्हणावं. दोन्हींना एकच शब्द ठेवल्यामुळेच लोक म्हणतात, 'काल तर थंडी होती, कुठे गेली तुमची तापमानवाढ?'

अनुस्वार:
'जलवायू' हिंदीतून उचललेला. शासनाच्या खात्याच्या नावात तर 'वातावरणीय बदल' आहे. तीन शब्द, तीन पंथ.

कंदील:
हिंदीतून आला म्हणून नको हे काय कारण झालं? जल आणि वायू दोन्ही आपलेच.

पानगळ:
कंदीलजी, अनुस्वारजी, यावर वेगळा धागा काढाल का? मी 'हवामानबदल' ठेवणार आहे, तो वाचकाला माहीत आहे. मूळ प्रश्न 'नेचर-बेस्ड'चा राहिला.

बाभूळ:
त्यावर एक मुद्दा. मार्च २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेने जी व्याख्या मंजूर केली ती 'कृती' या शब्दावर उभी आहे. परिसंस्था जपणं, सुधारणं, त्यांचा शाश्वत वापर, व्यवस्थापन या कृती. आणि परिसंस्था 'नैसर्गिक किंवा बदललेल्या', दोन्ही चालतात. म्हणजे तपासणाऱ्या बाईंचं 'नैसर्गिक' तिथेच पडतं. युरोपीय आयोगाच्या व्याख्येत निसर्गापासून प्रेरणा घेतलेले उपायही बसतात. तो अर्थ धरला तर 'आधारित'सुद्धा अपुरा. सिंगापूरच्या बिशान बागेत २.७ किलोमीटरचा सरळ काँक्रीटचा कालवा काढून ३ किलोमीटरहून लांब वळणदार नदी केली, २०१२ मध्ये पूर्ण झाली. काठ वनस्पतींनी आणि दगडांनी बांधले, त्यासाठी वेगवेगळ्या पद्धती आधी चाचणीपट्ट्यावर तपासल्या. वळणं माणसाने आखली, पण काठ धरून ठेवतात मुळं. मला 'निसर्गाच्या हाताने' असं काही लिहावंसं वाटतं. 'पुरावर निसर्गाच्या मदतीने उपाय'. शब्द नाही झाला हा, वाक्प्रयोग झाला; पण रहिवाशाला वाक्प्रयोगच हवा असतो.

टाकबोरू:
संज्ञा आणि स्पष्टीकरण यांत घोळ नको. 'निसर्गाच्या मदतीने केलेले उपाय' हे एका पुस्तिकेत चाळीस वेळा लिहून पाहा. संज्ञेची जागा संज्ञाच घेते.

भूजल:
पुस्तिकेत 'स्पंज सिटी', म्हणजे पावसाचं पाणी स्पंजासारखं शोषून घेणारं शहर, आहे का? असेल तर 'स्पंज शहर' लिहू नका एवढीच विनंती. 'मुरवणारं शहर' म्हणा. मुरणं हा आपला अगदी नेमका शब्द आहे.

मोगरी:
पण 'पाणी कुठेतरी मुरतंय' म्हणजे काहीतरी गडबड आहे!

भूजल:
गडबड भिंतीत मुरलं तर. जमिनीत मुरलं तर पाहिजे तेच झालं. मी आयुष्यभर मुरणं, झिरपणं आणि पाझरणं वेगळं ठेवत आलोय. पृष्ठभागावरून पाणी जमिनीत शिरतं ते मुरणं. आत थराथरांतून हळूहळू सरकतं ते झिरपणं. कुठूनतरी बाहेर येतं ते पाझरणं. दगडाला पाझर फुटतो तो आतून बाहेर. तीन वेगळ्या क्रिया आहेत आणि संशोधनात तीन वेगळ्या रीतीने मोजतात. अनुवादक मंडळी तिन्हींना 'झिरपणे' लिहून मोकळी होतात तेव्हा जीव तुटतो.

अनुस्वार:
मग 'पाझर तलाव' कसा? तिथे तर पाणी आत जातं.

भूजल:
आत जातं आणि खालच्या अंगाच्या विहिरींना पाझरतं. नाव विहिरीच्या बाजूने पडलंय.

कंदील:
हे तुम्ही आत्ता जुळवलंत. 'पाझर' दोन्ही दिशांना वापरतात, मी लहानपणापासून ऐकत आलोय. आणि 'मुरूम' हा शब्दही 'मुरणे'मधूनच आला असणार, त्यात पाणी चटकन मुरतं.

टाकबोरू:
पुन्हा नादसाम्य.

बाभूळ:
'स्पंज'च्या बाजूने एक सांगतो. स्पंज भरतो, हे सगळ्यांना माहीत असतं. चीनने ही कल्पना २०१३ नंतर मोठ्या प्रमाणावर घेतली, २०१५ मध्ये पहिली १६ शहरं निवडली. २० जुलै २०२१ ला चीनमधल्याच झेंगझोऊत एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस पडला. तेवढं पाणी कुठलीही बाग, कुठलंही सच्छिद्र फरसबंद मुरवू शकत नाही. 'मुरवणारं शहर' म्हटलं की वाटतं मुरतच राहील. 'स्पंज' मर्यादा आपोआप सांगतो. रहिवाशांना ती सांगितली नाही तर पहिल्याच मोठ्या पावसानंतर ते आमच्यावरचा विश्वास गमावतील, आणि तो परत मिळत नाही.

मोगरी:
'पाण'ने सुरू होणारे शब्द का घडवत नाही आपण? पाणथळ, पाणलोट, पाणवठा, पाणकणीस. पाणकणीस तर सांडपाणी शुद्ध करायच्या पाणथळींमध्ये मुद्दाम लावतात ना? रॉटरडॅमला बेंथेमप्लाइन म्हणून चौक आहे: कोरडा असला की खेळायचा, मोठ्या पावसात तळं. त्याला 'पाणचौक' म्हटलं की कुणाला काही विचारावं लागणार नाही.

टाकबोरू:
'पाणचौक' उत्तम. हे मी मनापासून म्हणतो.

पानगळ:
'पाणचौक' घेतला! 'क्लाउडबर्स्ट प्लॅन'ला 'ढगफुटी आराखडा' चालेल ना? कोपनहेगनवाला मजकूर आहे.

भूजल:
थांबा. डॅनिश 'स्क्यूब्रुड'चा शब्दशः अर्थ ढगफुटीच, पण त्यांच्या हवामान संस्थेच्या मोजमापात ३० मिनिटांत १५ मिलिमीटरहून जास्त पडला की तो 'स्क्यूब्रुड'. भारतीय हवामान खात्याची ढगफुटी म्हणजे छोट्या भागात ताशी १०० मिलिमीटर. शब्द तंतोतंत जुळतो आणि आकडा कुठच्या कुठे जातो. आपला वाचक समजेल तिथे डोंगर कोसळतात. 'मुसळधार पावसाचा आराखडा' लिहा.

कंदील:
२०११ चा तो एक पाऊस मात्र नुसता मुसळधार नव्हता. तुम्हीच वर १५० लिहिलंय.

भूजल:
आराखडा फक्त त्या एका पावसासाठी नाही, म्हणून म्हणतो.

बाभूळ:
हिरव्या छतांचं प्रकरण असेल तर एक सांभाळा. 'एक्स्टेन्सिव्ह' आणि 'इंटेन्सिव्ह'ला 'विस्तृत' व 'सघन' असं भाषांतर मी वाचलंय. चूक आहे. क्षेत्र किती पसरलंय याच्याशी काही संबंध नाही. फरक मुख्यतः थराच्या जाडीचा आणि निगेचा: साधारण १५ सेंटीमीटरच्या आत, वर सेडमसारख्या काटक वनस्पती आणि फारशी निगा नको तो पहिला, त्याहून जाड, झुडपं-झाडं पेलणारा तो दुसरा. 'पातळ थराचं' आणि 'जाड थराचं' म्हणा. आणि तिथल्या 'सब्स्ट्रेट'ला माती लिहू नका. विटांचा चुरा, प्युमिस असलं हलकं खनिज मिश्रण असतं ते. नुसती माती भिजली की वजन छताला झेपत नाही. बाझेलमध्ये नव्या सपाट छतांवर हिरवळ कायद्याने बंधनकारक आहे, तिथे थराची जाडी आणि मिश्रण हा रोजच्या कामाचा भाग असतो.

पानगळ:
हे सगळं टिपून घेतलं. तपासणाऱ्या बाईंना 'नैसर्गिक' का नको ते आज कळवते. 'रेझिलिएंट'चं अजून ठरत नाही. काही ठिकाणी 'तग धरणारं', काही ठिकाणी वाक्यच फिरवून लिहीन. एक शेवटचं: '३-३०-३००'चा नियम आहे पुस्तिकेत. घरातून ३ झाडं दिसावीत, वस्तीत ३० टक्के 'कॅनॉपी' असावी, ३०० मीटरच्या आत बाग असावी. 'कॅनॉपी'ला 'सावली' लिहिलंय मी.

बाभूळ:
सावली सूर्याबरोबर फिरते. कॅनॉपी म्हणजे वरून पाहिल्यावर पानांनी झाकलेली जमीन. 'पर्णछत्र'.

मोगरी:
'पर्णछत्र' रहिवाशाला कळेल? '३० टक्के जमिनीवर झाडांची सावली' हे लगेच कळतं.

टाकबोरू:
'वृक्षाच्छादन' रूढ आहे.

बाभूळ:
ते बहुतेकदा 'ट्री कव्हर'साठी वापरतात, टाकबोरूकाका, आणि त्यात काय धरायचं हे प्रत्येक पाहणीत वेगळं असतं.

अनुस्वार:
'छत्र' की 'छत्री'? बोलताना झाडाची छत्रीच म्हणतात.