कोरियन सोयादूध म्हणजे 'कच्च्या पिठाचं पाणी'? मला नाही पटत

सुवॉनकर:
परवा इथे एकीने लिहिलं, 'कोरियन सोयादूध म्हणजे कच्च्या पिठाचं पाणी, दुधाची नक्कल, एक घोट घेतला आणि बेसिनमध्ये ओतलं.' वाचून राहवलं नाही. चार वर्षं दक्षिण कोरियातल्या सुवॉन शहरात आहे. पहिला पॅक मलाही आवडला नव्हता, खोटं कशाला बोलू. पण जानेवारीत बसची वाट बघत काकडत होतो तेव्हा दुकानातल्या गरम कपाटातली काचेची बाटली घेतली, आधी नुसते हात शेकले, मग प्यायलो, तर खमंग डाळीच्या कढणासारखं लागलं आणि पोटात ऊब आली. आणि नक्कल कसली? कोरियातल्या डॉ. चुंग जे-वोन यांनी १९३७ साली पोट फुगून, जुलाब होऊन तान्ही बाळं जाताना बघितली, कारण कळेना. १९६४ मध्ये अमेरिकेत पुस्तकात सापडलं की काही बाळांना दुधातली साखरच पचत नाही. मग आईच्या हातचं कोंगगुक, म्हणजे सोयाबीन वाटून केलेलं पातळ सार, आठवलं, त्यातून व्हेजिमिल नावाचं सोयादूध झालं, १९७३ मध्ये कंपनी. बाळं वाचवायला केलेल्या गोष्टीला नक्कल म्हणू नका.

पुणेरी_जीभ:
ती पोस्ट माझी. डॉक्टरांबद्दल आदर आहेच, पण मी चव सांगितली होती, इतिहास नाही. १९० मिलीच्या पॅकला मी इथे १३० रुपये मोजलेत. वास आला म्हणजे आला.

सुवॉनकर:
कुठला घेतलात? व्हेजिमिलमध्ये ए कमी गोड आणि बी जास्त गोड असतं, काळ्या सोयाबीनचं तर चवीला अजून वेगळं. एका पॅकवरून सगळ्या देशाचं पेय निकालात काढलंत.

लातूरची_लेक:
वासाचं मी सांगते. सोयाबीन कच्चं भिजवून गार पाण्यात वाटलं की तो वास सुटतोच, गरम पाण्यात वाटलं तर कमी होतो. आमची आई दळणात मूठभर सोयाबीन घालायची ते भाजूनच. पण मला राग वेगळ्याच गोष्टीचा येतो. कोरियात सोयाबीन बरंचसं बाहेरून आणतात तरी त्याचं पेय लहानथोर पितात, आणि आमच्याकडे पोत्याने पिकतं, त्याचं तेल काढायचं आणि पेंड कोंबड्यांना. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये, आमचा माल ४१०० ला गेला, कारण ओलावा १२ टक्क्यांच्या वर म्हणून सरकारी खरेदी केंद्रावरून परत पाठवला. भाडं गेलं ते वेगळंच.

पुणेरी_जीभ:
ताई, विषय चवीचा चाललाय, हमीभाव कुठून आला मध्येच?

लातूरची_लेक:
१३० रुपये ओतून दिलेत ना, तिथून आला. त्यात सोयाबीन किती रुपयांचं असेल ते काढा. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला ते बेसिन बघवत नाही.

पुणेरी_जीभ:
म्हणजे मी न आवडलेलं गिळायचं का? माझे पैसे होते. मला उगाच पापी ठरवू नका.

सुवॉनकर:
पापी कोणी म्हणत नाहीये. ताईंचं दुखणं खरं आहे, मलाही इथे दूयू (सोयादुधाला कोरियनमध्ये हेच म्हणतात) पिताना गावाकडचं रान आठवतं. पण 'नक्कल' हा शब्द तुम्ही मागे घ्यावा असं मला अजूनही वाटतं.

नर्स_इन_सोल:
माझ्या मुलाला दूध प्यायलं की पोटात कळा यायच्या, इथे आल्यावर कळलं की त्याला दूध पचत नाही. आता रोज शाळेत जाताना एक पॅक. त्याच्यासाठी हेच दूध आहे, कोणाला काही म्हणू दे.

पुणेरी_जीभ:
बरं, नक्कल हा शब्द चुकला, तो मागे घेते. चव मात्र मागे घेणार नाही. आणि ए वालं मिळालं तर गरम करून एकदा बघेन, दुसऱ्यांदा सांगू नका.

लातूरची_लेक:
गरम करताना चिमूटभर मीठ टाका. आणि उरलं तर ओतू नका, कणकेत घाला.