इत्तय गित्तीची निष्ठा : श्रेय कुणाचं?

पायवाट
रविवारी प्रवचनात पुन्हा तेच ऐकलं: नेता चांगला असला की परकेसुद्धा जीव ओवाळून टाकतात, उदाहरण इत्तय गित्ती, म्हणजे गथचा इत्तय. प्रसंग बायबलमधल्या २ शमुवेल या पुस्तकाच्या १५ व्या अध्यायातला. इस्राएलचा राजा दावीद याच्याविरुद्ध त्याच्याच मुलाने, अबशालोमाने बंड केलंय, दावीद यरुशलेम सोडून पळतोय, आणि गथहून आलेली ६०० माणसं त्याच्यासोबत निघालीत. गथ म्हणजे शत्रू पलिष्ट्यांचं शहर, दावीदाने मारलेल्या धिप्पाड गल्याथाचं गाव! दावीद त्यांच्या म्होरक्याला, इत्तयला म्हणतो, तू परका, देशोधडीला लागलेला, कालपरवा आलास. मी तुला कुठे वणवण करायला लावू? परत जा, राजापाशी राहा. इत्तयचं उत्तर: मरण असो की जगणं, धनी जिथे तिथे मी.
सगळे या शपथेवर थांबतात. मला शिकण्यासारखं वाटतं ते दावीदाचं बोलणं. स्वतःला माणसांची सर्वाधिक गरज असताना त्याने इत्तयला मोकळं केलं.

शंकासुर
भाडोत्री शिपाई होते हो ते. सोबत मुलंबाळं होती, हेही त्याच अध्यायात आहे. गाव सुटलेलं, लेकरं पाठीशी, जाणार कुठे? ज्याला दुसरी वाट नाही त्याच्या निष्ठेचं कौतुक करणं सोपं असतं.

पायवाट
वाट होती. दावीदच दाखवत होता. आणि 'राजापाशी राहा' म्हणताना तो अबशालोमाला राजा म्हणतोय! भाडोत्री शिपायाला एवढी सूचना पुरे होती. पगार देणारा बदलला, इतकंच.

तिखटमीठ
उरीया हित्ती सोयीस्कर विसरलात. तोही परक्या वंशाचा. दावीद त्याला लढाईवरून बोलावून घरी जा म्हणतो (उरीयाच्या बायकोला दावीदापासून दिवस गेले होते, ते झाकायला), तर हा म्हणतो, देवाचा कोश (पवित्र पेटी) आणि सैन्य तंबूत असताना मी घरी जाऊन खाऊ-पिऊ? राजवाड्याच्या दाराशी झोपला. मग त्याच्याच हाती त्याच्या मरणाचं पत्र देऊन त्याला सेनापती यवाबाकडे पाठवलं. आता सांगा, ही निष्ठा कुठल्या चांगल्या नेत्याने कमावली? निष्ठा उरीयाची, नीचपणा दावीदाचा. प्रवचनातलं सूत्र इथेच कोसळतं.

शंकासुर
त्यात आणखी भर. दावीद स्वतःही एकदा परका अनुयायी होता, तोही गथच्याच राजाचा. त्या राजाने, आखीशाने सिकलाग हे गाव दिलं, १ वर्ष ४ महिने आसरा दिला. हा गशूरी, अमालेकी लोकांवर धाडी घालायचा आणि सांगायचा की यहूदावर, म्हणजे स्वतःच्याच लोकांवर घातल्या. आखीश बिचारा म्हणत होता, हा आता कायमचा माझा चाकर.

पायवाट
तिखटमीठ, उरीयाबद्दल काही बोलायला जागाच नाही. मान्य.
पण आखीशाचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. पलिष्टी सरदारांनी 'हा उलटेल' म्हणून दावीदाला लढाईतून परत पाठवलं होतं. परक्याकडे लोक कसे बघतात ते त्याने भोगलेलं होतं. म्हणूनच पुढे सैन्याचे ३ भाग केले तेव्हा एक यवाबाकडे, एक अबीशयाकडे आणि एक इत्तयकडे. काल आलेल्या माणसाकडे तिसरा हिस्सा! 'माझ्या पोराला सांभाळून घ्या' हेही तिघांना सांगितलं. ते मोडून अबशालोमाला मारलं कुणी? यवाबाने, सख्ख्या बहिणीच्या मुलाने.

तिखटमीठ
हे मात्र लक्षात आलं नव्हतं.

ओटीवरची मावशी
तुम्हा दोघांचं भांडण चालू दे, बाळांनो. इत्तयचं पुढे काय झालं?

पायवाट
मावशी, २३ व्या अध्यायातल्या दावीदाच्या वीरांच्या यादीत इत्तय नाव आहे.

शंकासुर
तो वेगळा. रीबयाचा मुलगा, बन्यामिनी, म्हणजे इस्राएलच्याच एका वंशातला. आपला गित्ती त्या लढाईनंतर पुन्हा कुठेच दिसत नाही.

तिखटमीठ
आणि ३७ वीरांच्या त्या यादीतलं शेवटचं नाव बघा. उरीया हित्ती.